पावसाळ्यात जेलकोटला सुरकुत्या: हार्डनर वाढवण्याआधी हे तपासा

तक्रार दर पावसाळ्यात तीच असते. साचा उघडतात, होडी वर घेतात, दोन्ही बाजू चकचकीत निघतात, पण कीलच्या (तळाच्या कण्याच्या) खाचेत आणि नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) आतल्या वळणावर जेलकोट, म्हणजे फायबरच्या होडीचा साच्यात सगळ्यात आधी लावलेला बाहेरचा रंगीत थर, आक्रसलेला असतो. तापलेल्या दुधावरची साय चमच्याने ढकलली की जशी गोळा होते, तशा बारीक सुरकुत्या. कधी तळहाताएवढ्या जागेत, कधी सलग दोन-तीन फूट. मग शेडमधला ठरलेला संवाद सुरू होतो. कारागीर म्हणतो हार्डनर (जेलकोट आणि रेझिन कडक करणारा द्रव) मेलेला आला. दुकानदार म्हणतो माल ताजा आहे, बाकी कुणाची तक्रार नाही. नाखवा म्हणतो ते तुमचं तुम्ही बघा, मला नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात पाहिजे. पुढच्या होडीला हार्डनर वाढवला जातो. सुरकुत्या तरीही येतात, आणि वर कडेने जेलकोट साच्यापासून आपोआप सुटायला लागतो तो वेगळाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की या भांडणात हार्डनर बहुतेक वेळा निर्दोष असतो. सुरकुती कुठे पडली ते नीट बघितलं तर कारण जवळजवळ तिथेच लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही, थेट बाटली उचलतो.

आधी हंगामाचं बोलू, कारण मूळ तिथे आहे. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. बोटी किनाऱ्याला लागलेल्या, मालकाच्या हाताशी वेळ, त्यामुळे जुनी लाकडी होडी काढून फायबरची करायची हे याच दोन महिन्यांत ठरतं. म्हणजे वर्सोवा-मढकडच्या खाडीकाठी असो की आणखी कुठे, साच्याचं काम नेमकं हवेत सगळ्यात जास्त पाणी असताना चालतं. परदेशी माहितीपत्रकं वाचली तर त्यांत सुरकुत्यांचं पहिलं कारण ‘थंडी’ दिलेलं असतं. आपल्याकडे ते लागू होत नाही. जुलैत मुंबईचं तापमान साधारण २५ ते ३० अंशांत असतं, आणि जेलकोट त्यात उत्तम सेट होतो. थंडीचा उपाय म्हणजे हार्डनर वाढवणे. तो आपण दमटपणाच्या रोगाला देतो.

सुरकुती पडते कशी

जेलकोटचा थर पूर्ण पक्का व्हायच्या आत त्याच्यावर दुसरं काहीतरी ओलं लागलं, की त्या ओल्या मालातलं स्टायरीन (त्याला पातळ ठेवणारा, उडून जाणारा द्रव) अर्धवट पकडलेल्या थरात शिरतं. थर फुगतो. साच्याला चिकटलेला असल्यामुळे त्याला आडवं पसरायला जागा नसते, म्हणून तो उचलला जातो आणि घड्या पडतात. वरून लावलेला माल जेलकोटचाच दुसरा हात असेल किंवा मॅट (त्याच्यामागे बसवायची काचतंतूंची चादर) भिजवायचं रेझिन असेल, क्रिया तीच.

म्हणजे खरा प्रश्न ‘सुरकुती का आली’ हा नाही, तर ‘त्या जागी, त्या वेळी जेलकोट कच्चा का राहिला’ हा आहे. बाजूला पक्का झाला आणि खाचेत कच्चा राहिला, तर डबा एकच, मग एकाच डब्यातला हार्डनर दोन फुटांवर निवडून कसा मरेल? हा प्रश्न कारागिराला शांतपणे विचारून बघा.

बोट लावून बघायची रीत सगळ्यांना माहीत असते, पण घाईत ती साच्याच्या काठावर करतात, कारण काठ हाताशी असतो. बघायचं ते सगळ्यात खोल जागी. बरोबर पकडलेला जेलकोट बोटाला चिकट लागतो, बोट किंचित ओढून धरतो, पण बोटावर रंग येत नाही. रंग आला तर थांबायचं. वरचा चिकटपणा जात नाही म्हणून तासन्‌तास वाट बघू नका. हवेकडची बाजू चिकट राहणं हा पॉलिस्टर जेलकोटचा स्वभाव आहे, आणि पहिली मॅट धरायला तो उपयोगीच पडतो.

जागा वाचा

कंगोऱ्यावर, बाहेर आलेल्या धारेवर, बाजू आणि तळ मिळतात त्या वळणाच्या खांद्यावर सुरकुती असेल तर जेलकोट पातळ लागलाय. ब्रश धारेवरून जाताना माल दोन्हीकडे ढकलतो आणि धार उघडी पडते.

खाचेच्या तळाशी, नाळेच्या खोल टोकात, इंजिनच्या बैठकीच्या खड्ड्यात असेल तर तिथे पातळपणाचा प्रश्न नाही. उलट माल ओघळून तिथेच जमतो. तिथे संशय दोघांवर घ्यायचा: स्टायरीनची वाफ आणि न सुकलेला पीव्हीए (होडी साच्यातून सुटावी म्हणून वॅक्सवर मारतात ती फिल्म).

ब्रश जिथे जिथे दुसऱ्यांदा फिरला त्या पट्ट्यांच्या जोडावर, रेघेरेघेने असेल तर दोन हातांमधली वेळ चुकली.

आणि साचाभर, काठापासून तळापर्यंत सारखीच असेल, तरच मालाकडे किंवा मोजमापाकडे बघा. माझ्या पाहण्यात ही चौथी तऱ्हा सगळ्यात कमी येते, आणि बोलबाला मात्र तिचाच असतो.

ताडपत्री आणि वाफ

खोल जागेतल्या सुरकुत्यांचं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. स्टायरीनची वाफ हवेच्या साडेतीन पटींहून जड असते. जेलकोट लावला की ती वर उडून जात नाही, बाजूंवरून सरकत खाली उतरते आणि साच्याच्या तळाशी साठून राहते. होडीचा साचा म्हणजे मोठं भांडंच, त्याला खाली भोक नसतं. त्या वाफेखालचा जेलकोट सेट व्हायला फार वेळ घेतो, कारण त्याच्यातलं स्टायरीन बाहेर पडायला जागा नसते. काठावर तासा-दीड तासात बोट कोरडं निघतं तेव्हा खाचेत अजून रंग लागत असतो.

आता हे उन्हाळ्यात का होत नाही? कारण एप्रिल-मेमध्ये शेड तिन्ही बाजूंनी उघडी असते आणि दुपारनंतर खाडीवरून वारा येतो. जूनमध्ये पावसाची झड आत येऊ नये म्हणून ताडपत्री पार जमिनीपर्यंत सोडतात, खाली विटा ठेवतात. पाऊस बाहेर अडतो तसा वाराही अडतो. सुरकुत्या पावसाळ्यात येतात ते पावसामुळे कमी आणि या ताडपत्रीमुळे जास्त.

उपाय साधा आहे, पण उलटा करू नका. टेबलफॅन आणून साच्यात तोंड करून लावणं हा चुकीचा उपाय. त्याने जेलकोटच्या वरच्या कातडीतलं स्टायरीन भरकन उडतं, थर गार पडतो, आणि वरून सुकल्यासारखा दिसणारा जेलकोट आतून कच्चा राहतो. शिवाय साध्या पंख्याच्या मोटरची ठिणगी आणि स्टायरीनची वाफ यांची गाठ घालून देणं म्हणजे आगीला आमंत्रण. ब्लोअर शेडच्या बाहेर, मोकळ्या हवेत ठेवायचा आणि लवचिक डक्ट साच्याच्या काठावरून आत सोडून तोंड तळाच्या जवळ, पण जेलकोटला समांतर ठेवायचं. हवा इतकी हळू यायला हवी की हाताला जेमतेम जाणवेल. ताजी हवा तळाशी आली की वाफ काठावरून बाहेर सांडते. ती पुढे शेडमधूनही निघून जायला हवी, म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची ताडपत्री जमिनीपासून दोन फूट वर बांधा. जड वाफ खालूनच जाते, वरची खिडकी उघडून फायदा नाही.

साचा फिरत्या चौकटीवर असेल तर आणखी चांगलं. एका कुशीवर कलता करून अर्धा जेलकोट लावायचा, सेट झाला की दुसऱ्या कुशीवर. वाफ आपोआप सांडून जाते आणि कारागिराला कंबरेत वाकून तोंड वाफेत घालावं लागत नाही. नाकावर बांधलेला रुमाल या वाफेला अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. डोकं जड होणं, डोळे चुरचुरणं याला ‘सवय होते’ म्हणणारे बरेच भेटतात. ती सवय नव्हे.

पीव्हीए आणि ओल

दुसरा संशयितही तळाशीच राहतो, म्हणून घोळ होतो. पीव्हीए पाण्यातला असतो, म्हणून तो सुकायचा तर पाणी हवेत जायला हवं. हवेत आधीच ८५-९० टक्के आर्द्रता असेल तर पाणी जाणार कुठे? उन्हाळ्यात अर्ध्या तासात कडक होणारी फिल्म जुलैत दोन-तीन तासांनीही बोटाला मऊ लागू शकते. त्यात तो उभ्या बाजूंवरून ओघळून खाचेत साचतो. वरून कातडी धरते, खाली पाणी. अशा पीव्हीएवर जेलकोट लावला की साच्याकडची बाजू नीट पकडत नाही.

दोन्हीतला फरक साचा उघडल्यावर ओळखू येतो. पीव्हीएमुळे बिघडलं असेल तर घड्यांच्या आत पीव्हीएची हिरवी-निळी कातडी अडकलेली सापडते आणि ती पृष्ठभागाकडूनच खराब असते. वाफेमुळे कच्चा राहून मागच्या रेझिनने उचललेला असेल तर घडीच्या भेगेत आतलं रेझिन शिरलेलं दिसतं, नखाने खरवडलं तर पिवळट पारदर्शक रेघ लागते.

पीव्हीए ब्रशने किंवा स्पंजने फासण्याऐवजी गनने मारा. पहिला हात नुसता धुक्याएवढा, तो सुकला की दुसरा, मग शेवटचा जरा ओला म्हणजे फिल्म सपाट बसेल. खाचेत जमलेला थेंब लगेच कोरड्या ब्रशच्या टोकाने उचलून घ्या. सुकलाय की नाही हे बघायला काठावर नव्हे, खाचेत नखाच्या कडेने हलकं दाबा. ठसा उठला तर थांबा. आणि साचा चांगला जुना असेल, वॅक्स नीट बसलेलं असेल, तर पावसाळ्यात पीव्हीए खरंच हवा का, हा विचार करा. नवीन साच्याला, पहिल्या दोन-चार होड्यांना तो हवाच. पण रुळलेल्या साच्याला चांगल्या कार्नोबा वॅक्सवरही होडी सुटते. वर्षानुवर्षं पीव्हीए मारत आलो म्हणून मारतो, याला अर्थ नाही.

ओलीचा दुसरा रस्ता डोळ्यांना दिसत नाही. रात्री पत्र्याखाली साचा गार होतो. सकाळी हवा २८ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५.८ अंशांवर येतो. साचा त्या वेळी २५.५ वर असेल तर त्याच्यावर दव धरतं. थेंब नाही, नुसता मंदपणा, तिरक्या उजेडात बघितला तरच कळेल असा. त्यावर जेलकोट फासला की काम बिघडलं. साच्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असावं, हा नियम धरा. इन्फ्रारेड थर्मामीटर आणि आर्द्रता मोजायचं घड्याळ दोन्ही मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळतात, एका वाया गेलेल्या जेलकोटच्या डब्यापेक्षा स्वस्तात.

साचा गरम करायचा तर रात्रीच खालून. साच्याच्या पाठीमागे, चौकटीच्या आत मोठे पिवळे बल्ब तासा-दोन तास लावले तरी दोन-चार अंश चढतात. रेझिन, अ‍ॅसिटोन, काहीही उघडण्याआधी ते बंद करून वायर काढून टाकायची. काम सकाळी सातला नको, दहा-अकराला सुरू करा, साचा हवेच्या बरोबरीला आलेला असतो.

जाडीचा हिशोब

आता कंगोऱ्यांवरच्या सुरकुत्या. ओला जेलकोट अर्धा ते पाऊण मिलिमीटर लागायला हवा. ०.३ च्या खाली गेला की तो स्वतःची उष्णता धरू शकत नाही, स्टायरीन उडून जातं, आणि थर कायमचा कच्चट राहतो. वर ०.८ च्या पुढे गेला तर पुढे तडे जातात, म्हणून ‘जास्त लावा’ हाही उपाय नव्हे.

दातेरी गेज असेल तर ओल्या थरात टेकवून लगेच वाचता येतं. नसेल तर खपावरून हिशोब करा, तो खोटं बोलत नाही. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. म्हणजे ०.६ मिलिमीटरला ६०० मिलिलिटर, वजनात साधारण ७०० ग्रॅम. साचा २० चौरस मीटरचा असेल तर १४ किलो जेलकोट साच्यावर गेला पाहिजे, ब्रशला आणि डब्याला राहिलेला वेगळा. कारागिराने अभिमानाने ‘आठ किलोत बसवलं’ असं सांगितलं, तर त्याने सरासरी ०.३५ लावलाय, आणि सरासरी ०.३५ म्हणजे धारेवर ०.२. सुरकुती तिथेच येणार. पैसे वाचवले म्हणून त्याला शाबासकी देणाऱ्या मालकाने हा गुणाकार एकदा कागदावर करावा.

ब्रशने लावताना पहिला हात लांबीला, दुसरा आडवा, हे सगळे करतात. मेख अशी की हात जेवढा पातळ तेवढा दुसऱ्या हाताचा धोका मोठा. पहिला हात पातळ ताणून लावला, अर्ध्या तासात ‘सुकला’ म्हणून दुसरा फासला, की दुसऱ्याचं स्टायरीन पहिल्याला उचलतं. पहिला हातच ०.३ चा भरगच्च द्या, खोल जागी बोट कोरडं निघेपर्यंत थांबा, मग दुसरा. कंगोऱ्यांना आधी ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचं आणि मग मोठ्या ब्रशने मोकळी जागा भरायची. वाढीव माल धारेवर आपोआप टिकतो. गनने मारत असाल तर उलट करायचं: ओल्यावर ओलं, तीन फेऱ्यांत जाडी गाठायची, मध्ये सेट होऊ द्यायचं नाही.

आणि कृपा करून जेलकोट ‘जरा सैल’ करायला एनसी थिनर किंवा अ‍ॅसिटोन घालू नका. ब्रश छान चालतो हे खरं, पण तो द्रव थरात अडकतो, सुईच्या टोकाएवढी भोकं आणि कच्चेपणा मागे ठेवतो. साधं लॅमिनेशनचं रेझिन मिसळणंही तसंच. पिगमेंट पेस्टही हिशोबात, साधारण १० टक्क्यांच्या आत. काळा रंग सेट व्हायला मुळातच उशीर लावतो, त्यामुळे काळ्या पट्ट्याला पांढऱ्याच्या घड्याळावर चालवू नका.

तीन काचा

तरी खात्री पटत नसेल, किंवा दुकानदाराशी वाद मिटवायचा असेल, तर ही चाचणी करा. एक फूट लांब-रुंद अशा तीन काचा घ्या, साच्याला लावता तेच वॅक्स लावून घासा. तिसरीवर साच्याबरोबरच पीव्हीए मारा, खाचेत साचतो तेवढा जाड. साच्याला जेलकोट लावता लावता त्याच मगमधला माल तिन्ही काचांवर सारख्या जाडीने लावा. पहिली काच साच्याच्या काठावरच्या फळीवर ठेवा. दुसरी आणि तिसरी खाचेवर दोन पट्ट्या आडव्या टाकून, तळापासून चार बोटं उंच. दर पंधरा मिनिटांनी तिन्हींवर बोट लावून वेळ लिहून ठेवा. पुढे साच्यात पहिली मॅट बसवाल तेव्हा काचांवरही तीच मॅट, तेच रेझिन.

काचेचा फायदा असा की ती उचलून खालून बघता येते. कच्च्या जेलकोटवर रेझिन लागल्यावर आधी काही होत नाही. मग एका कोपऱ्यात पांढरा रंग किंचित मंद होतो, काचेपासून सुटतो, आणि थोड्या वेळात तिथून बारीक रेघा चालत निघतात. साच्यात हे सगळं पाठमोरं घडतं, म्हणून उघडेपर्यंत कळत नाही.

काठावरची काचही उशिरा सेट झाली तर कारागीर बरोबर, मालात किंवा मोजमापात दोष आहे. काठावरची ठीक आणि तळाच्या दोन्ही मऊ राहिल्या तर वाफ. फक्त पीव्हीए मारलेली बिघडली तर ओल. तिन्ही नीट निघाल्या आणि होडीला तरी सुरकुत्या आल्या, तर जाडी किंवा दोन हातांमधली घाई. दुकानदाराकडे जायचंच असेल तर पहिली काच घेऊन जा. बाकी दोन त्याच्या नाहीत, तुमच्या शेडच्या आहेत.

हार्डनर खरंच दोषी असेल तर

पहिली काच नापास झाली तर आधी माप बघा, मग माल. बहुतेक शेडमध्ये हार्डनर बाटलीच्या टोपणाने मोजतात. टोपण कुठल्या बाटलीचं, भरून किती, हे कुणी सांगू शकत नाही. कंपनीच्या पत्रकावर दिलेलं प्रमाण पाळा. ते सहसा १.२ ते २.५ टक्क्यांत असतं. २ टक्के म्हणजे किलोला २० ग्रॅम, साधारण १७-१८ मिलिलिटर. औषधाची खुणा असलेली प्लॅस्टिकची वाटी किंवा सिरिंज पुरते. मिसळताना डब्याच्या कडा आणि बूड खरवडून, हळू, दोन मिनिटं. ड्रिलला पॅडल लावून घुसळलं की हवा शिरते आणि तीच पुढे भोकं होऊन निघते.

डब्यातला उरलेला माल पंधरा मिनिटांत दगड झाला म्हणून साच्यावरचाही झाला, असं समजू नका. डब्यात उष्णता कोंडते, पातळ थरात ती निघून जाते. ‘डबा गरम झाला, मॅट टाका’ ही घाई कितीतरी सुरकुत्यांच्या मुळाशी आहे.

३ टक्क्यांच्या वर हार्डनर घातल्याने काम लवकर होत नाही. जास्तीचा हार्डनर थरातच राहून त्याला कमजोर करतो. लवकर पकडलेला जेलकोट भराभर आक्रसतो, मॅट लागायच्या आतच कोपऱ्यातून साचा सोडतो, आणि तिथे होडीला न पुसणारी लाट येते. वर सांगितलं ते कडेने सुटणं हेच. जेलकोट लावून रात्रभर तसाच ठेवला तरी हे होतं, म्हणून संध्याकाळी पाचला जेलकोट सुरू करून पहिली मॅट उद्यावर टाकू नका.

माल जुना असू शकतो, हे मान्य. मस्जिद बंदरवरून आणलेली बाटली पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकीत, उन्हात महिनाभर राहिली तर तिचा जोर जातो. सावलीत, मूळ बाटलीत ठेवा, कोबाल्टपासून (हार्डनरची क्रिया वेगाने घडवणाऱ्या द्रवापासून) लांब, वेगळ्या कपाटात. दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट लागणारच असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवून मग हार्डनर. बहुतेक तयार जेलकोटमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, वरून आणखी घातला की पांढरा रंग मळकट होतो. आणि हार्डनर ओतताना चष्मा घालाच. डोळ्यात एक थेंब उडाला तर कायमचं नुकसान होऊ शकतं. लगेच भरपूर पाण्याने, निदान पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट डॉक्टरकडे.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. जेलकोट लावताना गोल-गोल डोळे पडून खालचा साचा दिसत असेल तर तेल किंवा सिलिकॉन: गाडीचं पॉलिश वॅक्स म्हणून वापरलं असेल किंवा कंप्रेसर तेल फेकत असेल. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी पावसाळ्यात सकाळ-दुपार काढा. नाहीतर गनमधून पाण्याचे थेंब जातात. मॅटची जाळी बाहेरून दिसत असेल तर तो जेलकोटचा दोष नाही. जेलकोटमागे आधी ३०० ग्रॅमची मॅट एकटी बसवून ती पक्की होऊ दिली नाही, थेट जाड मॅट आणि वोव्हन रोव्हिंग (विणलेलं जाड काचकापड) चढवलं.

सुरकुती आलीच तर

मॅट लावण्याआधी दिसली तर नशीब समजा. तेवढा जेलकोट सोलून काढा, जागा पुसा, पीव्हीए पुन्हा मारा आणि नव्याने लावा. घडीवर वरून ब्रश मारून झाकली तर ती मोठी होऊन भेटते.

होडी उघडल्यावर दिसली तर पॉलिश पेपरने घासून सपाट करण्याचा मोह आवरा. घडीच्या खाली पोकळी असते. पाण्याखालच्या भागात तिथूनच पाणी आत शिरतं आणि पुढे फोड येतात. बाधित भाग पक्क्या जेलकोटपर्यंत पूर्ण ग्राइंड करा, कडा उतरत्या ठेवा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि ते पूर्ण उडू द्या. नवा जेलकोट किंचित उंच भरा आणि वर पॉलिस्टर फिल्म दाबून बसवा. हवा लागली नाही की वरची बाजूही कडक होते. दुसऱ्या दिवशी ३२० पासून सुरू करून ६००, ८००, १२०० असा पाणी पेपर, मग कंपाउंड. त्याच डब्यातला माल वापरा. दुसऱ्या लॉटचा पांढरा शेडमध्ये जुळतो, उन्हात नाही.

पुढच्या होडीआधी साचाही बघायला हवा. जिथे जेलकोट कच्चा होता तिथे साच्यावर स्टायरीनचा मंद, दुधट थर बसतो. पीव्हीए आधी साध्या पाण्याने धुवा. अ‍ॅसिटोनने तो निघत नाही, नुसता पसरतो. मग त्या जागी बारीक कंपाउंड लावून चमक परत आणा, आणि निदान तेवढ्या भागाला तरी नव्या साच्यासारखे चार-पाच हात वॅक्स द्या, दर हाताला घासून, मध्ये तास-तासभर सोडून. शेवटचा हात संध्याकाळी दिला तर रात्रभर वॅक्समधला द्रव उडून जायला वेळ मिळतो, आणि सकाळी बल्ब बंद केल्यावर थेट पीव्हीएला लागता येतं.